आत्यांचं नाव इतर हक्कात

नवरा गेल्यावर बाईने किती दिवस उंबऱ्याबाहेर पडायचं नाही हे गाव ठरवतं. सरकारचा हिशेब निराळा असतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची, शेतकरी अपघात अनुदानाचा अर्ज 30 दिवसांत द्यायचा आणि जमिनीत हक्क आला असेल तर तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत कळवायचं. हे मला तेराव्यालाच कळलं, कारण आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाई भेटायला आल्या तेव्हा पिशवीत अर्जाचे नमुनेही घेऊन आल्या होत्या. काही बायांना ते आवडलं नाही. मला त्या बाईंचे उपकार कधी फिटायचे नाहीत.

त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीला होती. आमचे हे उसाला पाणी द्यायला गेले, मोटार सुरू करताना स्टार्टरच्या पेटीत करंट उतरला होता. शेजारच्या रानातल्या माणसाने फ्यूज काढून त्यांना बाजूला घेतलं. शहरातल्या दवाखान्यात नेलं, पण पहाटे सगळं संपलं. याहून जास्त इथे लिहीत नाही.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या स्वतः 1998 पासून विधवा आहेत. तेव्हा त्यांच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, वर्षभर त्या कुणाच्या समोर आल्या नाहीत. माझ्या वेळी भावकीतल्या म्हाताऱ्या पुढे झाल्या तर आत्या आडव्या उभ्या राहिल्या. "तिच्या अंगाला हात लावायचा नाही," एवढंच म्हणाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 ला या प्रथा बंद करायचा ठराव केला, मग सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. आमच्या गावात ठराव झालेला नाही. आत्यांनी हेरवाडचं नावही ऐकलेलं नव्हतं. आणि तेरावं उरकल्यावर कागदांची पिशवी माझ्या हातात देऊन "जा तालुक्याला" म्हणणाऱ्याही त्याच.

पहिला धडा मृत्यू दाखल्याने दिला. माणूस जिथे जातो तिथे त्याची नोंद होते. त्यामुळे दाखला आमच्या ग्रामपंचायतीत मिळणार नव्हता, शहराच्या महापालिकेत जावं लागलं. तिथे खिडकीतल्या मुलाने विचारलं, "मयताचं नाव?" लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण उखाण्याशिवाय मी यांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. मी गप्प राहिले. मागे रांग होती. मी आधार कार्ड पुढे सरकवलं. पुढे मात्र इतक्या ठिकाणी, इतक्या मोठ्याने सांगावं लागलं की संकोच कधी गेला ते समजलंच नाही. आता मी घरातही त्यांचं नाव घेते. मुलांना विचित्र वाटतं.

नावावरून दुसरं झंझट झालं. सातबाऱ्यावर यांचं घरचं, हाक मारायचं नाव होतं, आधारवर शाळेतलं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ज्यांचे यजमान धडधाकट आहेत त्या मैत्रिणींना मी तेव्हापासून सांगत सुटले आहे, आजच बघा, सातबारा, आधार आणि बँकेच्या पासबुकावर एकच नाव आहे का. ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. विजेचा धक्का, सर्पदंश, वीज पडणं, रस्त्यावरचा अपघात हे सगळं त्यात येतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. जोडायला मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल, पोलिसांचा पंचनामा, सातबारा आणि गाव नमुना 6क, म्हणजे वारसांच्या रजिस्टरमधली मंजूर वारस नोंद. पंचनाम्याची प्रत मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून वाचली. "मयत इसम हा विद्युत मोटार चालू करणेकामी गेला असता", मग स्टार्टरची पेटी जमिनीपासून किती उंचीवर, चप्पल कुठे पडलेली, बॅटरी चालू स्थितीत. चप्पल आणि बॅटरीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. तेराव्यापर्यंत मी आल्या-गेल्याचं चहापाणी बघत होते, रडणाऱ्या माणसांना समजावत होते. रडले ती त्या बाकावर. हवालदार बाईंनी पाणी आणून दिलं आणि झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत.

अर्ज मुदतीत दिला. 6क चा कागद मागाहून जोडायचं ठरलं. म्हणजे सगळं येऊन अडलं ते वारस नोंदीवर. आणि वारस नोंद म्हणजे घर.

माझे थोरले दीर वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. त्या हंगामात आमच्या वाटणीच्या उसाला पाणी त्यांनीच पाजलं, कारखान्याची तोड त्यांनीच आणली, हिशेबही चोख दिला. पण वारसाच्या अर्जावर कुणाकुणाची नावं घालायची हे विचारल्यावर ते सहज म्हणाले, "पोराचं घाल की. तो लहान आहे तोवर पालनकर्ता म्हणून मी राहीन. तुला कशाला तालुक्याच्या चकरा?" पोरगीचं विचारलं तर म्हणाले, "ती जाणार परक्या घरी." माझं विचारलं नाही, पण तेही त्यातच आलं. रागाने नाही बोलले. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात बोलले. समोरचा भांडत असता तर मला सोपं गेलं असतं.

तालुक्याला न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे मला गटाच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, तेव्हा मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले. आता वही काढली. तिथल्या वकील मॅडमनी कागद पाहायच्या आधी घरात कोण कोण आहे ते विचारलं. मी, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा, सासूबाई, दीर-जाऊ, त्यांची मुलं, आणि लग्न होऊन गेलेली नणंद.

मॅडम म्हणाल्या, "मृत्युपत्र केलेलं नव्हतं ना? मग हिंदू वारसा कायदा, 1956. पहिल्या वर्गाचे वारस: तुम्ही, मुलगा, मुलगी आणि त्यांची आई. चौघांना सारखा वाटा."

आई. हे मी तरी कुठे धरलं होतं? मुलीसाठी आणि स्वतःसाठी भांडायची तयारी करून गेले होते.

गावातली कुजबुज माझ्या कानावर आली होती, म्हणून तेही विचारून घेतलं: उद्या मी दुसरं लग्न केलं तर? तसा विचार नाही, पण लोक बोलत होते. मॅडमनी सांगितलं, एकदा मिळालेला वाटा दुसऱ्या लग्नाने जात नाही. मी हे घरी कुणाला सांगितलं नाही. जाऊबाईंना सांगितलं. म्हणजे गावाला सांगितलंच.

मग मॅडमनी सातबारा पाहिला आणि विचारलं, "सासरे गेले तेव्हाचा फेरफार कुठे आहे?" फेरफार म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद. तलाठ्यांकडे गेले. आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावाच्या तोंडी तलाठीच. भाऊसाहेबांनी जुनं रजिस्टर काढलं. 1998 ची नोंद. मयत खातेदाराचे वारस चार लिहिलेले: दोन मुलगे, पत्नी, मुलगी. त्याखाली, दोन्ही मुलांची नावं कब्जेदार सदरी, पत्नी व मुलीचं नाव इतर हक्कात. सातबारा ज्यांनी कधी नीट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, जमीन ज्याची त्याचं नाव डावीकडे असतं. उजवीकडच्या रकान्यात शेतीला कर्ज देणाऱ्या सोसायटीचा बोजा, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा, कुणाचा वहिवाटीचा रस्ता अशा गोष्टी येतात. आमच्या उताऱ्यावर सोसायटीच्या कर्जाच्या खाली आत्या होत्या आणि आत्यांच्या खाली वन्सं. जुने उतारे काढून बघा, पुष्कळ घरांत आई-बहिणी अशाच बसवलेल्या सापडतील.

रान माझ्या सासऱ्यांनी स्वतः विकत घेतलेलं होतं, आठ एकर. वाडवडिलांचं असतं तर हिशेब आणखी किचकट झाला असता. मॅडमनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवला. सासऱ्यांच्या मागे चार वारस, प्रत्येकी दोन एकर. दोघे भाऊ चार-चार एकर करून खात होते ते घरच्या समजुतीने. यांचे खरे दोन एकर, म्हणजे 80 गुंठे. त्याचे पुन्हा चार वाटे, प्रत्येकी 20 गुंठे. मी आणि दोन मुलं मिळून दीड एकर. भाऊजी दोन एकर. वन्सं दोन एकर. आणि आत्या? स्वतःचे दोन एकर, वर मुलाच्या मागे आलेले 20 गुंठे. अडीच एकर. सगळ्या घरात मोठ्या जमीनदार आत्या निघाल्या.

परत येताना एसटीत मी तो कागद पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. चार एकरांचा हक्क मागायला गेले होते आणि दीड एकर घेऊन आले. कायदा मला माझ्या मुलीचा वाटा देत होता, तोच कायदा तोच नियम लावून माझ्याकडून दुसऱ्या दोन बायांचा वाटा काढून घेत होता. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला वाटलं, भाऊजी म्हणतात तसं पोराचं नाव लावावं आणि जुना फेरफार पुन्हा कपाटात जाऊ द्यावा. कुणी विचारणार नव्हतं. आत्या तर नाहीच.

सकाळी मी आत्यांना सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता त्या ऐकत होत्या. इतर हक्काचं ऐकून त्यांना काही विशेष वाटलं नाही. "तवा तलाठी घरी आला हुता. मी आतल्या खोलीत. थोरल्यानं बाहेरून विचारलं, आई, आमची नावं लावू का? मी हूं म्हणाले." मग मी यांच्या वाट्यातल्या 20 गुंठ्यांचं सांगितलं. त्यांचे हात थांबले. "लेकाच्या मागं आई वारस?" म्हणाल्या, "असं कसं लिवलं त्यांनी? असं हुतंय म्हणून कायद्यात लिवून ठेवलंय?" तव्यावरची भाकरी करपली. मुलगा गेल्यापासून त्या माझ्यासाठी, नातवंडांसाठी उभ्या होत्या. त्यांचंही काही गेलंय हे आम्ही कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. त्या दिवशी त्या रानात गेल्या नाहीत, जेवल्या नाहीत.

वन्संना बोलावून घेतलं. ओसरीवर सगळे बसलो. भाऊजींनी सरळ सुचवलं, बहिणीने हक्कसोडपत्र द्यावं, म्हणजे गुंता कमी होईल. मलाही आतून तसंच वाटत होतं. बहिणी हक्क सोडतातच. माझ्या माहेरी लग्नानंतर वर्षभरात दोघे भाऊ मला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात घेऊन गेले होते. मी सही केली, अंगठा दिला, फोटो निघाला, येताना साडी घेऊन दिली. साडी चांगली होती, अजून वापरते.

वन्सं यांच्याहून लहान, चार इयत्ता शिकलेल्या, कधी वर मान करून बोलल्या नसतील. त्या म्हणाल्या, "मी सही देणार नाही."

भाऊजी बघतच राहिले. वन्सं माझ्याकडे वळून बोलल्या, "वहिनी, मी पीक मागायला येणार नाही, बांध घालायला येणार नाही. तुम्ही कसा, तुम्ही खावा. पण माझं नाव काढू नका. दादा हुता तवर मला इथं यायला कारण लागत नव्हतं. आता कागदावर तरी राहू द्या."

मी गेले दोन आठवडे वकिलांच्या भाषेत विचार करत होते. नाव म्हणजे हक्क, हक्क म्हणजे गुंठे. वन्संना गुंठे नकोच होते. यावर कुणाला काही बोलता येईना. मग आत्या म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णवला मला कुणी विचारलं न्हाई. आता विचारा." भाऊजींनी विचारलं नाही. "कागदानं घर फुटतंय बघा," म्हणून उठून गेले.

त्यांचंही अगदीच चूक नाही. काही दिवस दोन चुली असल्यासारखंच होतं घर. जाऊबाई माझ्याशी बोलायच्या, पण मुलांमार्फत.

वारसाची नोंद मात्र भाऊजींच्या होकारावर अडत नव्हती. त्यात यांचे वारस तेवढे लागतात. अर्ज, प्रतिज्ञापत्र, मृत्यू दाखला, रेशनकार्ड, पोलीस पाटलांसमोर पंचांचे जबाब. तलाठ्यांनी 6क ला नोंद घेतली, मंडळ अधिकाऱ्यांनी वारस ठरवले, मग फेरफार धरला आणि सगळ्यांना नोटिसा निघाल्या. हरकतीसाठी 15 दिवस असतात. त्या पंधरा दिवसांत मी भाऊजींच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी हरकत घेतली नाही. या नोंदीला सरकारी फी नाही, हेही सांगून ठेवते, कारण मला एकाने "साहेबांचं बघावं लागतंय" असं सांगून पाहिलं होतं. मी बचत गटाचं नाव काढल्यावर त्याला अचानक घाईचं काम निघालं.

नवा उतारा आला त्यावर मुलांच्या नावापुढे "अ.पा.क. आई" असं लागलं आहे. अज्ञान पालनकर्ती. मुलांचा वाटा मला विकायचा झाला तर जिल्हा न्यायालयाची परवानगी काढावी लागेल. भाऊजींना हे ऐकून जरा बरं वाटलं असावं. मलाही वाटलं, वेगळ्या कारणाने: माझ्यावर उद्या कुणी दबाव आणला तरी मला एकटीला ते करताच येणार नाही. मुलगी अठराची झाली की आधी तिचा शेरा निघेल.

अनुदान मंजूर व्हायला वेळ लागला, पण झालं. ते पत्नीच्या खात्यात आलं. बँकेचं प्रकरण वेगळंच. पासबुकात दर वर्षी मे अखेरीस 436 आणि 20 रुपये वजा झालेले दिसत होते. मी आधी बँकेचा काही आकार समजले. ते जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते होते, दोन्हींचे दोन-दोन लाख. यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक बँकेतल्या कुणी फॉर्म पुढे केला आणि यांनी सही केली. खातं लग्नाआधीचं, त्यामुळे वारसदार म्हणून नाव आईचं. भाऊजी आत्यांना बँकेत न्यायला तयार होते. आत्या म्हणाल्या, "सून येईल." पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले, तिथेच नातवंडांच्या नावाने ठेवपावत्या केल्या. नामनिर्देशन असलं म्हणजे पैसे दर वेळी त्याचेच होतात असं नाही, हे मी मॅडमकडून ऐकून आले होते. आत्यांना सांगायची वेळ आली नाही.

1998 ची दुरुस्ती मात्र लांबली. त्याला तहसीलदारांकडे वेगळा अर्ज आणि सगळ्या सहहिस्सेदारांचे जबाब. भाऊजी येईनात. मग एके दिवशी स्वतःच मंडळ अधिकाऱ्यांसमोर जाऊन जबाब देऊन आले, आई आणि बहिणीचं नाव भोगवटादारात, म्हणजे डावीकडे, घ्यायला हरकत नाही म्हणून. त्यांचं मन कशाने वळलं? आईच्या अबोल्याने असेल. सोसायटीने पीककर्जासाठी सगळ्यांच्या सह्या आणि नवा 8अ, म्हणजे जमिनीच्या खात्याचा उतारा, मागितला होता, हेही आहे. मी खोदून विचारलं नाही. जाऊबाई त्या संध्याकाळी स्वतः वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या आणि आपल्या दोन मुलींचं काय होईल ते मला बारीक आवाजात विचारत बसल्या.

आता ऊस माझ्या नावाने नोंदवला जातो. पाण्याच्या पाळीवरून भाऊजींशी कुरबुर होते, ती यांच्या वेळीही व्हायची. स्टार्टरला नवीन अर्थिंग करून घेतलंय. रात्रीची पाळी असली की मी मोटारीकडे एकटी जात नाही, आणि मुलाला तर बांधापर्यंतही जाऊ देत नाही.

आत्यांना वाचता येत नाही, पण नवा उतारा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःच्या पेटीत ठेवला आहे. अडीच एकराचं काय करणार, हे त्या कुणालाच सांगत नाहीत. भाऊजी हल्ली रोज संध्याकाळी आईपाशी बसायला येतात, त्यात हेही असेल. परवा मी निवडायला बसले तर आत्यांनी विचारलं, "तो कायदा छप्पन सालचा म्हणालीस न्हवं?"

"हो."

"माझा बाप बहात्तरच्या दुष्काळात गेला. नदीपलीकडं त्येचं स्वतः घेतलेलं सात एकर हुतं."

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, आधी त्या गावचे 1972 नंतरचे फेरफार काढा, मग बोलू. आत्यांचे दोन्ही भाऊ हयात आहेत आणि दर वर्षी भाऊबीजेला त्यांना न्यायला येतात. आत्यांनी ठरवलंय, फेरफार आत्ता काढायचे, पण अर्ज भाऊबीज झाल्यावर द्यायचा.